वऱ्हाडची पोरं, नवा हंगाम

रणजी करंडकाचा २०२५-२६ चा हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होत होता आणि गतविजेता संघ होता विदर्भाचा. तोवर मुंबईने हा करंडक ४२ वेळा जिंकला होता, विदर्भाने तीन वेळा. पण ही तिन्ही विजेतेपदे त्याआधीच्या आठ वर्षांतली होती. १९५७-५८ पासून विदर्भ या स्पर्धेत खेळतो. पहिली साठ वर्षे अंतिम फेरीचे तोंडही दिसले नाही. मोठे संघ नागपूरला यायचे, गुण गोळा करायचे आणि संत्री घेऊन परत जायचे.

आता चित्र पालटले आहे, हे नागपुरात कोणीही सांगेल. आम्हाला पाहायचे होते वऱ्हाड. विदर्भात अकरा जिल्हे, त्यातले पश्चिमेकडचे पाच वऱ्हाडचे. संघाचे नाव विदर्भ असले तरी घरचे मैदान नागपूरजवळ जामठ्याला, अकादमी नागपुरात, निवड नागपुरात. मग अकोला-अमरावतीच्या माणसाला हा संघ आपला वाटतो का? नव्या हंगामाकडून त्याची आशा काय? आम्ही मूळचे वऱ्हाडचेच, पोटापाण्यासाठी पुण्यात राहतो. दसऱ्याच्या सुट्टीत अकोल्याला एका निकाहाचे बोलावणे होते, पुढे अमरावतीला खालाजानकडे जायचे होते. मुले दोन्ही क्रिकेटवेडी. तेव्हा आमच्या चौघांच्या या प्रवासात नातेवाईक कमी आणि मैदाने जास्त झाली.

अकोल्यात पोहोचलो तो १ ऑक्टोबरचा दिवस. त्याच दिवशी जामठ्याला इराणी करंडकाचा सामना सुरू झाला होता. रणजी विजेता एका बाजूला आणि उरलेल्या भारतातले निवडक खेळाडू दुसऱ्या बाजूला, असा हा सामना असतो. विदर्भाकडून सलामीला आलेला अथर्व तायडे हा अकोल्याचा. दुपारी जेवणाच्या दस्तरखानावर बसलो तेव्हा मामूजानांचा मोबाईल थाळीच्या शेजारीच उघडा ठेवलेला होता. तर्रीचा एक थेंब त्यावर पडला तरी त्यांना भान नव्हते. संध्याकाळी अथर्व ११८ वर नाबाद होता. दुसऱ्या दिवशी तो १४३ वर बाद झाला आणि विदर्भाच्या ३४२ धावा झाल्या. पुढे ५ तारखेला विदर्भाने हा सामना ९३ धावांनी जिंकला. इराणी करंडक विदर्भाकडे येण्याची ही तिसरी वेळ.

या १४३ धावांचे मोल कळायला थोडे मागे जावे लागते. जानेवारी २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात या मुलाने ३२० धावा केल्या होत्या. तेव्हा त्याचे वय होते सतरा. अकोल्यात तेव्हा पेढे वाटले गेले, असे मामूजान सांगतात. पुढे रणजी, आयपीएल, सगळे झाले. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याच्या दोन डावांत मिळून चारच धावा झाल्या, आणि केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यातून त्याला वगळले गेले. विदर्भ करंडक जिंकत होता तेव्हा अकोल्याचा सलामीवीर अकरा जणांत नव्हता.

“त्या दिवशी इथं काय वातावरण होतं?” आम्ही विचारले.

“खुशी होती ना,” मामूजान म्हणाले, “पर अपना पोट्टा बाहर बैठा, तर खुशी बी आधीच झाली.”

म्हणून इराणीतले शतक अकोल्यात दुप्पट मोजले गेले. नव्या हंगामात हा मुलगा सलामीला राहणार, ही इथली पहिली आशा होती. ती आम्हाला रास्त वाटली. करुण नायर दोन हंगाम विदर्भासाठी खेळला, २०२४-२५ च्या रणजीत त्याने ८६३ धावा केल्या, अंतिम सामन्यात ८६ आणि १३५. तो नंतर आपल्या कर्नाटकात परत गेला. एवढ्या धावांची उणीव एकट्या कोणाला भरून काढता येत नाही. यश राठोड होता, २०२४-२५ मध्ये स्पर्धेत सर्वाधिक ९६० धावा त्याच्याच होत्या. दानिश मालेवार होता, अंतिम सामन्यात ३ बाद २४ अशा पडझडीत उभा राहून १५३ करणारा. कर्नाटकाचा रविकुमार समर्थ संघात येत होता. तरी सलामी पक्की हवी होती, आणि तिथे अकोल्याचा हक्क होता.

दुसऱ्या दिवशी असरची नमाज आटोपून मुलांना घेऊन निघालो. जुन्या शहरात असदगडाची पडकी तटबंदी, खाली मोर्णा नदी. औरंगजेबाच्या काळात असदखानाने हा कोट बांधला, त्याचेच नाव किल्ल्याला राहिले. किल्ल्याच्या आसपासच्या गल्ल्यांत टेनिस बॉलवर खेळ रंगलेला. एका गल्लीत नियम असा की, चेंडू समोरच्या गच्चीवर गेला तर फलंदाज बाद, कारण तिथल्या आजी चेंडू परत देत नाहीत. आमच्या धाकट्याला हा नियम फार आवडला. त्याला खेळायला घेतले, दुसऱ्याच चेंडूवर तो आजींच्या गच्चीवर बाद झाला.

गल्लीतला हा खेळ आणि रणजीचा खेळ यांत मोठी दरी आहे, आणि तिचे नाव आहे लेदर बॉल. इकडे त्याला सीझन बॉलही म्हणतात. टेनिस बॉलला एक बॅट आणि दहा सवंगडी पुरतात. सीझन बॉलला पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट, नेट आणि नीट केलेली खेळपट्टी लागते. चांगली इंग्लिश विलोची बॅट घ्यायची तर पाच आकडी रक्कम मोजावी लागते. शिवाय वऱ्हाडची काळी माती. कपाशीला ती सोन्यासारखी, मैदानाला मात्र अवघड. पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते, बुटाला किलोभर चिकटते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे वर्षातले कितीतरी महिने साध्या मैदानावर सीझन बॉल खेळताच येत नाही. चांगले गवत, निचरा आणि रोज रोलर फिरवणारा माणूस असेल तिथेच मुलगा घडतो.

अकोल्यात ती जागा म्हणजे अकोला क्रिकेट क्लब. अथर्व इथलाच, आणि वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरेही इथलाच. आदित्यची गोष्ट आमच्या मुलांनी तीनदा सांगायला लावली. २०१७ च्या डिसेंबरअखेर विदर्भ पहिल्यांदाच रणजीच्या अंतिम सामन्यात पोहोचला, इंदूरला, दिल्लीविरुद्ध. तिथे एकोणीस वर्षांच्या या मुलाला थेट अंतिम सामन्यातच पहिली संधी मिळाली. प्रथम श्रेणीतला पहिला सामना आणि तोच रणजीचा अंतिम! १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला, आणि अकोल्याचा मुलगा पहिल्याच सामन्यात रणजी विजेता झाला.

त्याच संघातली आणखी दोन नावे आपल्या घराघरांत माहीत असतील. कर्णधार होता नागपूरचा फैज फजल, आणि विजयी फटका मारला तो वसीम जाफरने. मुंबईच्या बसचालकाचा हा मुलगा. आदल्या हंगामात दुखापतीमुळे तो विदर्भाकडून खेळू शकला नव्हता, तरी संघटनेने त्याच्या कराराचे पैसे दिले होते. म्हणून त्या वर्षी तो मानधन न घेता खेळला, अशी बातमी तेव्हा वर्तमानपत्रांत आली होती. घेतलेल्या पैशाचे काम बाकी आहे, एवढाच साधा हिशेब. आमच्या थोरलीने विचारले, “करारात तसं लिहिलं होतं का?” नव्हते, म्हणूनच ती बातमी झाली. त्यानंतर मार्चमध्ये इराणी सामन्यात वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याने २८६ धावा काढल्या. २०२५ मधल्या संघाचे प्रशिक्षक उस्मान गनी हेही विदर्भाचेच जुने खेळाडू.

क्लबच्या मैदानाबाहेर एका बाकावर काही पालक बसले होते. त्यांच्याशी बोलणे झाले, आणि आमच्या या लेखाचा खरा विषय तिथे सापडला. एक गृहस्थ कापडाच्या दुकानात कामाला. मुलगा चौदा वर्षांचा, डावखुरा फिरकी गोलंदाज. “दहावीपर्यंत ठीक आहे,” ते म्हणाले. “पुढं काय करायचं ते समजून नाही राहिलं. नागपूरला ठेवायचा म्हणजे खोली, मेस, शाळा. घरात दोन मुली शिकतात. एकाच्या खेळापायी दोघींचं शिक्षण थांबवू का?” त्यांच्या शेजारच्या काकांचा मुलगा नीटच्या क्लासला जात होता आणि सकाळी नेटवर येत होता. ते म्हणाले, “दोन्हीमधून एक काहीतरी लागंल.”

लोक हिशेब काढतात तो असा. रणजी खेळणाऱ्या नव्या मुलाला सामन्याच्या एका दिवसाचे ४० हजार रुपये मिळतात. वीसपेक्षा जास्त सामने झाले की ५० हजार, चाळीसच्या पुढे ६० हजार. चार दिवसांचा सामना म्हणजे दीड लाखाच्या वर. आकडा ऐकून डोळे मोठे होतात. पण अकरा जिल्ह्यांतून तिथे पोहोचतात पंधरा-सोळा जण, आणि त्यांतही दोन-तीन पाहुणे खेळाडू बाहेरच्या राज्यांतून घेतलेले असतात. उरलेल्या हजारोंच्या हाती येतो एखादा जिल्हा पातळीचा कागद. खेळाडूंच्या राखीव जागांमुळे सरकारी नोकरीत त्याचा थोडाफार उपयोग होतो, म्हणून तो कागद लोक लॅमिनेट करून ठेवतात. आम्हाला त्या कापड दुकानातल्या गृहस्थांचा प्रश्न बरोबर वाटतो. मुलाला खेळू द्यावे, पण मुलींच्या फीला हात न लावता जेवढे जमेल तेवढेच. नागपूरशिवाय वऱ्हाडातही वर्षभर चालणारी निवासी सोय झाली, तर हा प्रश्न निम्मा सुटेल. तीन करंडक जिंकलेल्या संघाकडून एवढी अपेक्षा करायला हरकत नाही.

४ तारखेला सकाळी अमरावतीला निघालो. अंतर शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. पूर्वी हा रस्ता हाडे खिळखिळी करायचा. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरली आणि गिनीज बुकात नोंद झाली. आता गाडी अशी जाते की चहा सांडत नाही. दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी चाललेली, काही वावरांत अजून चिखल. कपाशीची बोंडे फुटू लागली होती, तूर हिरवीगार डोलत होती. मूर्तिजापूरला थांबलो. एकेकाळी इथून शकुंतला निघायची, एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ. इंग्रज कंपनीच्या मालकीची ही अरुंद रुळांची गाडी कापूस वाहायला घातली होती. आता रुळांत गवत आहे. मुलांनी त्या रुळांमधल्या बावीस पावलांची खेळपट्टी मोजून पाहिली.

चहाच्या टपरीवर इराणीचीच चर्चा. टपरीवाले काका आम्हाला म्हणाले, “भाऊ, आमचा जितेश काहून गेला हो बडोद्याले?”

हा अमरावतीचा प्रश्न आधी मूर्तिजापुरातच भेटला. जितेश शर्मा हा अमरावतीचा यष्टीरक्षक. लहानपणी त्याला सैन्यदलात जायचे होते, खेळाचे जादा गुण मिळतात म्हणून तो क्रिकेटकडे वळला, असे त्याने मुलाखतींत सांगितले आहे. ते गुण बाजूलाच राहिले, तो भारताकडून खेळला. २७ मे २०२५ रोजी लखनौला बेंगळुरूसमोर २२८ धावांचे लक्ष्य होते, त्या दिवशी कर्णधारही तोच होता. त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या. आठवड्याने, ३ जूनला, त्याचा संघ आयपीएल जिंकला. सप्टेंबर २०२५ मध्ये आशिया चषकाच्या भारतीय संघातही तो होता. आणि याच वर्षी त्याने विदर्भ सोडून बडोद्याकडून खेळायचे ठरवले. विदर्भात तेव्हा अक्षय वाडकर कर्णधार होता आणि यष्टीरक्षकही तोच. रणजीच्या अकरांत जितेशला जागा मिळणे अवघडच होते.

अमरावतीत खालाजानच्या घरी या विषयावर दोन तट पडले. खालूजान म्हणतात, ज्या विहिरीचे पाणी प्यायलो ती सोडू नये. त्यांचा मुलगा बँकेत आहे, त्याच्या तीन बदल्या झाल्या आहेत. तो म्हणाला, “अब्बा, मी यवतमाळला गेलो तेव्हा तुम्ही मिठाई वाटली.” यावर खालूजान काही बोलले नाहीत, फक्त सुपारी कातरत राहिले.

गंमत अशी की, २०२५-२६ च्या रणजी हंगामात विदर्भ आणि बडोदा एकाच गटात होते. तमिळनाडू, उत्तर प्रदेश, आंध्र, झारखंड, ओडिशा आणि नागालँड हे बाकीचे. जितेश भारतीय संघाच्या कामात नसला तर अमरावतीचा मुलगा विदर्भाविरुद्ध उभा दिसणार होता. असे घडलेले आहेच. नागपूरचा आदित्य सरवटे विदर्भाचा जुना भरवशाचा फिरकीपटू, २०१९ च्या अंतिम सामन्यात त्याने सौराष्ट्राचे ११ गडी बाद केले होते. २०२५ च्या अंतिम सामन्यात तो केरळकडून विदर्भासमोरच गोलंदाजी करत होता.

आमचा एक भाचा डब्लिनला नोकरी करतो. त्याच्याशी फोनवर बोलताना हा विषय निघाला, तर त्याने तिथल्या गेलिक फुटबॉलची रीत सांगितली. आयर्लंडच्या ३२ परगण्यांचे संघ असतात. खेळाडूला पगार नाही. कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी सुतार. आपल्या गावच्या क्लबातून वर येऊन सहसा आपल्याच परगण्याकडून खेळायचे, करंडकासाठी बाहेरून खेळाडू विकत आणायचे नाहीत. लिट्रिम नावाचा एक छोटा परगणा आहे, त्याने अखिल आयर्लंड विजेतेपद कधीच जिंकलेले नाही. प्रांताचे विजेतेपद १९२७ मध्ये एकदा आणि मग १९९४ मध्ये. मधली सदुसष्ट वर्षे लोक दर हंगामात झेंडे घेऊन जातच राहिले. भाच्याला ही रीत फार भावली आहे. आम्हाला ती अर्धीच पटते. पगार नसलेला खेळ ज्याच्या घरी चूल पेटती आहे त्यालाच परवडतो. कापड दुकानातल्या त्या गृहस्थांच्या मुलाला दिवसाचे ४० हजार मिळण्याची शक्यता आहे म्हणूनच तो पहाटे उठतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण सदुसष्ट वर्षे झेंडे घेऊन जाणे, ते मात्र विदर्भालाही ठाऊक आहे. आपण साठ वर्षे गेलोच की.

अमरावतीत खेळ म्हटले की हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेली ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या पथकाने तिकडे जाऊन कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. कापसाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या शहराला अंगमेहनतीच्या खेळाची ओढ जुनी आहे. परकोटाच्या आतल्या गल्ल्यांतून फिरताना तालमीतले वस्ताद अजून भेटतात.

थोरलीचे मात्र समाधान होत नव्हते. “सगळी मुलांचीच नावं. मुलींचं कोणी नाही का इथं?” आहे. अमरावतीची दिशा कासट विदर्भाच्या महिला संघाची कर्णधार राहिली आणि २०२३ मध्ये महिलांच्या पहिल्या प्रीमियर लीगमध्ये बेंगळुरूच्या संघात होती. हे सांगितल्यावर खालाजानच्या नातीने कपाटातून आपली बॅट काढून आणली. ती नववीत आहे. बॅटच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. तिच्या शाळेत मुलींचा संघ नाही, मोहल्ल्यात मुलांबरोबर खेळायला आता अम्मी नको म्हणते. महिलांचा विश्वचषक तेव्हा भारतात चालू होता, ती रोज पाहायची. आम्ही तिच्या अम्मीशी बोललो. तिचा विरोध खेळाला नव्हता, एकटीने जाण्या-येण्याला होता. मग दोघींनी तिथल्या तिथे ठरवले: रविवारी सकाळी अम्मी स्वतः स्कूटीवर घेऊन जाणार, मुलींचा सराव चालतो तिथे, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घालून. पहिल्या रविवारी काय झाले ते खालाजानने फोनवर कळवले: अम्मी सीमेबाहेर बसून तसबीह ओढत होती, शेवटी चेंडू अडवायला तीच धावली.

आता नव्या हंगामाचे. करंडक राखता येईल का, हा तेव्हा प्रश्न होता. २०२३-२४ ला विदर्भ अंतिम सामन्यात मुंबईकडून १६९ धावांनी हरला, पण ५३८ चे लक्ष्य समोर असताना ३६८ पर्यंत झुंजला. पुढच्याच वर्षी उपांत्य फेरीत त्याच मुंबईला ८० धावांनी हरवले. केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक आला. डावखुऱ्या हर्ष दुबेने हंगामात ६९ गडी बाद केले. रणजीच्या एका हंगामात इतके गडी त्याआधी कोणीही घेतले नव्हते. धोका इथेच होता. असे खेळाडू भारत ‘अ’ संघात गेले की मधल्या सामन्यांना मिळत नाहीत. रणजीत निर्णायक विजयाला सहा गुण, अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीला तीन. गटात तमिळनाडू, उत्तर प्रदेशासारखे संघ असताना गोलंदाजी दुबळी झाली तर तीन-तीन गुणांवर गाडी ओढावी लागणार होती. तेव्हा आमचा अंदाज होता, बाद फेरी नक्की, पुढचे जानेवारीनंतर कळेल.

परतीची गाडी बडनेऱ्याहून होती. फलाटावर समोरच्या बाजूला नागपूरकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत एक मुलगा उभा होता, स्वतःपेक्षा मोठी किट बॅग पाठीला. त्याची आई बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात डबा बसवण्याचा प्रयत्न करत होती, पण तिथे आधीच पॅड होते. तिने पॅड काढून मुलाच्या काखेत दिले आणि डबा आत सरकवला. धाकट्याने इकडून ओरडून विचारले, “बॅटिंग का बोलिंग?” तो हसला आणि मनगट फिरवून दाखवले. फिरकी. तेवढ्यात त्याची गाडी आली.